तीन गोळ्यांचा कोर्स संपतो, औषध संपत नाही

घसा खवखवला की केमिस्टकडे "अ‍ॅझी ५०० द्या" म्हणणाऱ्यांना (अ‍ॅझी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन, जिवाणूंविरुद्धचं अँटिबायोटिक) एकच सांगणं आहे: तीन दिवसांचा कोर्स म्हणजे हलकं औषध नव्हे.

एरिथ्रोमायसिन हे या औषधाच्या घराण्यातलं थोरलं. १९५२ मध्ये, फिलिपाइन्सच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. त्याच्या रेणूत १४ अणूंचं कडं, त्याला दोन साखरा. पण पोटातल्या आम्लात ते कडं स्वतःवरच दुमडतं. औषध निकामी होतं आणि जे तयार होतं त्याने आतड्यांना कळा येतात. झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी १९८० च्या सुमारास कड्यात एक नायट्रोजन घुसवला. कडं १५ अणूंचं झालं, आम्लात टिकू लागलं. तेच अ‍ॅझिथ्रोमायसिन.

त्या नायट्रोजनमुळे आणखी एक गोष्ट झाली. औषध पेशींच्या आत शिरून आम्लधर्मी कप्प्यांत अडकून बसतं. अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ६८ तास! म्हणून रोज ५०० मिग्रॅ, तीन दिवस, एवढं पुरतं. पण मग पुढचे कितीतरी दिवस ते अंगात थोडंथोडं उरतं. जिवाणू मरायला कमी, पण प्रतिकार शिकायला पुरेसं. औषध जिवाणूच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, ज्या जागी चिकटतं, तिथे जिवाणू एक मिथाइल गट (अणूंचा छोटासा पुंजका) बसवतो, औषधाला चिकटता येत नाही आणि खेळ खलास. सर्दी-पडशाचे विषाणू तर या औषधाला मुळीच दाद देत नाहीत. त्यांच्याकडे तो रायबोसोमच नसतो.

मुलांच्या सिरपमध्ये वेगळाच घोळ. ५ मिलीत १०० मिग्रॅ आणि ५ मिलीत २०० मिग्रॅ, दोन्ही बाटल्या मिळतात. किलोमागे १० मिग्रॅ धरलं तर १० किलोच्या बाळाला एकातून ५ मिली, दुसऱ्यातून अडीच. बाटली बदलली की चमचा तोच ठेवू नका.

आता टायफॉइड. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आपल्याकडे बऱ्याचदा चालत नाही, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन इंजेक्शनातून घ्यावं लागतं. तोंडाने घ्यायला हाताशी राहतं ते अ‍ॅझिथ्रोमायसिन, तेही किलोमागे २० मिग्रॅच्या आसपास, सात दिवस. ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. दुसऱ्याच दिवशी "गुण नाही" म्हणून परस्पर औषध बदलणं हा आपला आवडता उद्योग.

आणि हृदयाची लय बिघडवणारी औषधं चालू असतील, ईसीजीत क्यूटी (प्रत्येक ठोक्यातली हृदयाची विद्युत-क्रिया पूर्ण व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असेल, तर अ‍ॅझीही तो लांबवू शकते, म्हणून गेल्या आठवड्यात संपवलेल्या अ‍ॅझीबद्दलही डॉक्टरांना सांगा.