'समुद्र कुणाच्या बापाचा नाही' या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'पुळणीवरच्या गाड्या' या माझ्या मागच्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी नीट वाचली आणि रागाच्या भरात काही लिहिले जाऊ नये म्हणून उत्तराला मुद्दाम काही दिवस जाऊ दिले. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी त्यातला विषय थोडक्यात सांगतो. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, पाहुण्यांच्या गाड्या उतरल्या, मोठे दिवे लावून पाण्याच्या कडेने उशिरापर्यंत फिरवल्या गेल्या, सुरूच्या बनातल्या फांद्या तोडून शेकोटी पेटवली गेली आणि सकाळी वाळूत फुटक्या बाटल्या व अर्धवट जळालेले प्लॅस्टिक मागे राहिले. त्या लेखात मी कुणाचे नाव लिहिले नव्हते, गाडीचा क्रमांक दिला नव्हता, शहराचाही उल्लेख केला नव्हता. तरीही तो आपल्यावरच लिहिला आहे असे आपल्याला का वाटले, याचा विचार आपणच करावा.

आपली प्रतिक्रिया अशी आहे: "अहो गुरुजी, समुद्र कुणाच्या बापाचा नाही. आम्ही ओहोटीच्या कडक वाळूवर गाडी चालवतो, तिथे कासव अंडी घालत नाही. आणि घातलेली अंडी तर तुम्ही जाळीच्या कुंपणात नेऊन ठेवता, मग गाडीने बिघडते काय? फलक कुठे लावला आहे तो दाखवा. खाडीत सांडपाणी सोडणाऱ्यांनी आणि वाळू विकणाऱ्यांनी आम्हाला निसर्ग शिकवू नये. पर्यटकांच्या पैशांवर जगायचे आणि त्यांनाच नावे ठेवायची, ही कोकणातली जुनी सवय आहे."

प्रतिक्रियेखाली नाव नाही. मी माझ्या नावाने लिहितो, माझे गाव सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्या लिखाणावर कुणाला जाब विचारायचा असेल तर तो माझ्या अंगणात येऊन विचारू शकतो. जो माणूस स्वतःचे नाव लिहायला तयार नाही त्याने दुसऱ्याचा बाप काढावा, ही रीत मला मान्य नाही. 'गुरुजी' हे संबोधन तुम्ही हिणवण्यासाठी वापरले आहे, हेही न कळण्याइतका मी अजाण नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवले आणि मला कुणी गुरुजी म्हटले तर मला त्याचा अभिमान वाटतो. मतभेद असावेत, ते कडक शब्दांत मांडावेत, पण समोरच्याला एकेरीवर आणल्याशिवाय आपला मुद्दा पोहोचत नाही असे ज्याला वाटते त्याच्या मुद्द्यात मुळातच फारसे बळ नसते.

फलकाविषयी तुम्ही म्हणता ते मी मान्य करतो. पुळणीवर उतरण्याच्या सगळ्या वाटांवर फलक नाही, आणि जो आहे त्यावरची अक्षरे खाऱ्या वाऱ्याने पुसट झाली आहेत. गाड्या लावण्यासाठी गावात पुरेशी जागा नाही आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाला बहुतेक वेळा कुलूप असते, हेही खरे आहे. त्याबद्दल मी ग्रामसभेत बोललो आहे आणि पुन्हा बोलेन. मात्र बाटली दगडावर आपटून फोडू नये हे समजण्यासाठी फलकाची गरज असते, असे मला वाटत नाही.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो, कारण बाकीची सगळी प्रतिक्रिया त्याच वाक्याच्या आधारावर उभी आहे. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, हे माझ्या वडिलांना तुमच्यापेक्षा अधिक चांगले माहीत होते. ते रापणीचे वाटेकरी होते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांत उभे राहून सगळ्यांनी मिळून ते ओढायचे, असे ते काम असते. दोराला ज्याने हात लावला त्याला मासळीत वाटा मिळतो, मग तो म्हातारा असो वा शाळकरी पोर. एका रापणीचे जाळे पाण्यात असताना तिच्यासमोर दुसऱ्याने जाळे टाकायचे नाही, हे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते आणि तरी ते पाळले जात होते. पावसाळ्यात समुद्र बंद असे आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटली जात नसे. आज तर यांत्रिक होड्यांसाठी शासनानेच १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी घातली आहे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ती माणसे दोन महिने घरी बसतात. समुद्र एकट्याचा नाही, म्हणूनच त्याच्याशी कसे वागायचे याचे नियम आहेत आणि ज्यांचा त्याच्यावर सर्वांत जुना हक्क आहे त्यांनीच ते स्वतःवर लादून घेतले आहेत. तुम्ही त्याच वाक्यातून नेमका उलटा अर्थ काढता: कुणाचा नाही, म्हणजे आज रात्रीपुरता माझा.

कासवांच्या बाबतीतही हेच घडले आहे. आमच्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला नमस्कार करून माणूस पुढे जातो, आणि तरी माझ्या लहानपणी गावात कासवाची अंडी उकरून आणून खाल्ली जात, विकलीही जात. पुळण आमची, अंडी आमची, असे त्या वेळी सगळे म्हणत. पुढे वनविभागाची माणसे आली, कासवांसाठी काम करणारी माणसे आली, आणि ज्यांना अंड्यांची जागा अचूक कळत होती त्याच घरांतली मुले कासवमित्र झाली, म्हणजे अंडी शोधून ती जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवू लागली. त्यांनी पिढ्यानपिढ्यांची एक मिळकत आणि एक सवय सोडून दिली. ती सोडायला लावणे सोपे नव्हते. शाळेत मुलांना सांगितलेले घरी पोहोचले की आईबापांची बोलणी मला ऐकावी लागत. ज्या गावाने एवढे सोडले आहे ते गाव तुमच्याकडे काय मागते? गाडी वर रस्त्याकडेला उभी करून सुरूच्या बनातून चालत पाण्यापर्यंत जा, एवढेच.

तुम्ही कायद्याची भाषा केलेली नाही, पण तुमचे वाक्य कायद्यालाही धरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात, हिमाचलातल्या बियास नदीच्या निमित्ताने, स्पष्ट केले आहे की समुद्रकिनारे, वाहते पाणी, वने ही सर्व जनतेची संपत्ती असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे. सगळ्यांच्या मालकीची वस्तू आणि बेवारस वस्तू यांत फरक असतो. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत आणि तिच्या जागी आलेल्या २०१९ च्या अधिसूचनेतही वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात घातल्या आहेत. समुद्री कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची हानी करणे किंवा घरट्याला धक्का लावणे हे त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येतच बसते. अशा गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची शिक्षा आहे. आमच्या गावाने आजवर कुणावर तक्रार केलेली नाही, याचा अर्थ काही घडत नाही असा कुणी घेऊ नये.

अंडी कुंपणात नेली जातात मग बिघडते काय, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही एखाद्या कासवमित्राबरोबर पहाटे एक फेरी मारली असती तर तुम्हालाच मिळाले असते. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येतात. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करून बुजवतात आणि समुद्रात परततात. खड्डा असा बुजलेला असतो की त्याच्यावर उभे राहूनही कळत नाही. कळते ते केवळ मागावरून. वाळूवर तिच्या येण्याचा एक आणि परतीचा एक असे दोन माग उमटलेले असतात, आणि पहाटे ऊन आणि वारा वाढण्यापूर्वी कासवमित्र ते माग पाहत चालत जातो. माग सापडला तर घरटे सापडते, घरटे सापडले तरच अंडी काही तासांच्या आत, न हिंदकळता, कुंपणातल्या तशाच खोलीच्या खड्ड्यात हलवता येतात. रात्रभर गाड्या फिरलेल्या पुळणीवर टायरांच्या नक्षीशिवाय काहीही दिसत नाही. ते घरटे मग तिथेच राहते, कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाट्याला जाते, आणि त्यातून वाचले तर त्यावरची वाळू चाकांखाली दबून घट्ट झालेली असते. त्या शनिवारनंतरच्या पहाटे आमच्याकडे नेमके हेच झाले. मादी आली होती की नव्हती, हेच कुणाला सांगता आले नाही.

शिवाय अंडी हलवली म्हणजे काम संपले असे नसते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना त्याच पुळणीवर सोडावे लागते, कारण पाण्यापर्यंत त्यांनी स्वतःच चालत जायचे असते. न सापडलेल्या घरट्यांतली पिल्ले तर थेट वाळूतून वर येतात. तळहाताहून लहान असे ते पिल्लू टायरच्या खोल चरीत पडले की त्याला वर चढता येत नाही, ते चरीतूनच पुढे पुढे जात राहते आणि दमून थांबते, आणि उजाडल्यावर कावळे व घारी त्याला उचलतात. अंधारात पिल्ले उजेडाकडे वळतात. एरवी तो उजेड समुद्राच्या दिशेला असतो. तुमच्या गाड्यांचे दिवे लागले की तो जमिनीच्या दिशेला असतो. अंडी घालायला वर येणारी मादीसुद्धा माणसांचा वावर आणि प्रकाश दिसला की अंडी न घालता मागे फिरते.

ओहोटीच्या कडक वाळूवर गाडी चालवतो, असे तुम्ही लिहिता. त्या वाळूपर्यंत गाडी पोहोचते कशी? ती आधी वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीने धरून ठेवलेली वाळूची टेकडी तुडवते, मग कोरडी पुळण ओलांडते, म्हणजे घरट्यांची नेमकी जागा. वेल तुटली की वाळू सुटते आणि पावसाळ्यातल्या उधाणाचे पाणी गाड्यांनी पाडलेल्या त्या उतारावरूनच आत शिरते. आमच्या माडाच्या बागेत खारे पाणी शिरले ते अशाच उतारावरून. तोंडवळी-तळाशीलसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असून मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथल्या लोकांना विचारा, वाळूची टेकडी म्हणजे काय ते. आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असलेली बरी. तिथीला पाऊण तासाने गुणून भरतीची वेळ काढण्याची रीत आमच्याकडे अजून चालते. त्या हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास असते. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पुळण सर्वांत रुंद आणि गुळगुळीत दिसते आणि तिथून पुढे उधाणाचे पाणी झपाट्याने वर चढते. पाहुण्यांच्या गाड्या वाळूत रुततात त्या बहुतेक याच संध्याकाळी. त्या काढायला मग रापणीचे दोर आणि रापणीचीच माणसे लागतात, आणि ती मदत आजवर कुणाला नाकारली गेलेली नाही.

याच माणसांच्या पायांखाली तुमच्या बाटल्यांच्या काचा असतात. रापण अनवाणी ओढली जाते. आमच्या शेजाऱ्याच्या टाचेत काच गेली आणि ऐन हंगामात त्याला घरी बसावे लागले. त्याच्या घरात वाटा आला नाही, आणि तो त्याने कुणाकडे मागायचा, हे मला तुमच्या प्रतिक्रियेत कुठे सापडले नाही.

खाडीतल्या सांडपाण्याविषयी आणि वाळूउपशाविषयी मी स्वतंत्रपणे लिहिले आहे, त्यामुळे गावात माझ्याशी बोलणे सोडलेली घरेही आहेत. तो या लेखाचा विषय नव्हता, म्हणून त्यावर इथे अधिक लिहीत नाही. गावातल्या एकाने चूक केली म्हणून पाहुण्यालाही तीच करण्याची मुभा मिळते, हा युक्तिवाद शाळेत मी चौथीच्या मुलांकडूनही ऐकून घेतला नाही.

पैशांविषयी एवढेच सांगतो की सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा आनंद मानणाऱ्यांत मीही होतो. माझ्या पुतण्याचा न्याहारी-निवास आहे. त्याच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे गाडी अंगणात लावतात, चालत पुळणीवर जातात, आणि कासवमित्रांना इतके प्रश्न विचारतात की त्या मुलांना उत्तरे देताना संध्याकाळ पुरत नाही. अशा माणसांना मी कधी नावे ठेवलेली नाहीत आणि तुम्ही त्यांच्या वतीने बोलू नये. खोलीचे भाडे दिले की खोली मिळते, जेवणाचे पैसे दिले की जेवण मिळते. किनारा कुणी विकलेला नाही आणि तुम्ही तो विकत घेतलेला नाही.

तुमची ही प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. ती आहे तशी लेखाखाली राहील. त्यानंतर तुम्ही पाठवलेली दुसरी, ज्यात आमच्या गावातल्या बायकांविषयी मजकूर आहे, ती मी प्रसिद्ध केलेली नाही आणि करणारही नाही. यापुढे लिहायचे असेल तर नावानिशी लिहा. मार्चपर्यंत पहाटेची फेरी रोज असते. तुम्हाला यायचे असेल तर त्या फेरीला कुणीही मज्जाव करणार नाही, फक्त गाडी वर रस्त्यालाच ठेवावी लागेल.