बापाचे नव्वद दिवस

घरच्या ग्रुपवर परवा काकांनी लिहिलं, "तिकडे मुलं सरकार वाढवतं, आईबाप नुसते जन्माला घालतात. संस्कार आपल्याकडेच." खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझ्या थोरल्या भावाचाही अंगठा होता. दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला येऊन मला अकरा वर्षं झाली. मुलगा इथलाच. तो दहा महिन्यांचा झाला, बायको कामावर रुजू झाली आणि पुढचे सात महिने मी घरी होतो. इथे आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा असते. त्यातले ९० दिवस बापाचे राखीव; त्याने घेतले नाहीत तर बुडतात, आईच्या नावावर करता येत नाहीत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस, आणि खासगीत मालकाची मर्जी. काकांनी स्वतःच्या मुलांना एकदा तरी अंघोळ घातली होती का? मी रोज घातली. जेवण झालं की इथल्या रीतीप्रमाणे त्याला बाबागाडीत झोपवून गाडी गॅलरीत लावायची, बाहेर उणे चार. दर थोड्या वेळाने जाऊन मानेमागे दोन बोटं सरकवून बघायचं. गाल गार लागायचे, मान मात्र उबदार असायची. ती ऊब हाताला कळायला लागली त्या दिवसापासून मी बाप झालो, असं मला मनापासून वाटतं. हे सरकारने केलं म्हणायचं?

पोराला ताप आला की कामावर कळवून मी घरी राहतो. एकदा नेमका तेव्हाच बाबांचा व्हिडिओ कॉल आला.
"आज सुट्टी का रे?"
"नाही, याला ताप आहे."
"मग सूनबाई कुठंयत?"
"ऑफिसात."
बाबा पुढे काही बोलले नाहीत. मला गोवर आला होता तेव्हा ते दारातूनच कपाळाकडे बघून ड्यूटीला गेले होते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना रजा देऊ केली होती कुणी?

काकांचं हुकमी उदाहरण नॉर्वेचं. २०११ साली तिथल्या बालकल्याण खात्याने एका भारतीय जोडप्याची दोन मुलं नेली. नॉर्वे म्हणजे स्वीडन नव्हे, हे सांगून मी थकलो. पण खरं सांगायचं तर मूल भर दुकानात हट्टाने किंचाळायला लागलं की ती बातमी मलाही आठवते, आणि मी इकडेतिकडे बघतो. शेजारच्या स्वीडिश बापाला तसं बघावं लागत नाही.

मारण्याचंही तसंच. इथे १९७९ साली मुलांवर हात उगारायला कायद्याने बंदी आली, घरातसुद्धा. असा कायदा करणारा हा जगातला पहिला देश. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी गेली, घरातली राहिली. हे मी ग्रुपवर कितीदा लिहिलंय.

आणि गेल्या उन्हाळ्यात सांगलीला, भरल्या पंगतीत, ताटात भात टाकला म्हणून याच काकांनी माझ्या सात वर्षांच्या पोराच्या पाठीत धपाटा घातला. जोरात नव्हता. पोरगा रडला नाही. त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ताटाकडे बघत जेवत राहिलो. त्या घरात मी अजून धाकटाच आहे. काकांपुढे तोंड उघडलं असतं तर "तिकडे जाऊन शिंगं फुटली" हे ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

रात्री गच्चीवर अंथरुणात त्याने विचारलं, तू गप्प का बसलास? स्वीडिशमध्ये विचारलं, शेजारी झोपलेल्या आजीला कळू नये म्हणून. मी मराठीत म्हणालो, "मोठे आहेत रे ते."

आई जागी होती. मी त्याच्याएवढा असताना हेच वाक्य तिने मला सांगितलं होतं. अंधारात तिने हात लांब केला आणि त्याच्या पाठीवरून फिरवत राहिली.