दोन इंच माया

माझ्या पँटचा साइज २००९ सालापासून चौतीस आहे. लग्नात चौतीस, आजही चौतीस. त्या जोरावर मी चार लोकांना फिटनेसचे सल्लेही दिलेत. फरक एवढाच, की तेव्हा पँट बेंबीवर बसायची. आता ती डोंगराला वळसा घालणाऱ्या ओढ्यासारखी खालून निघून जाते.

भाच्याच्या लग्नासाठी कपडे शिवायला गेलो आणि घात झाला. मास्तरांनी टेप थेट डोंगरमाथ्यावर लावली.

"साहेब, श्वास सोडा."

"सोडलाय."

"सोडा हो, मी थांबतो."

माणूस किती वेळ धरणार? सोडला. टेप मास्तरांच्या बोटांतून सर्रकन निसटली. "अडतीस!" ते पोऱ्याला ओरडून म्हणाले. ब्लाऊज द्यायला आलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. माझी बायको धरून तीन.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. भाच्याच्या वयाची मुलगी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून म्हणाली, "काका, श्वास सोडा." मी मुकाट्याने सोडला. ९७ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाने ९० च्या आत राहावं म्हणे.

"पण माझे हातपाय बघा ना, काड्या आहेत नुसत्या!"

"तेच तर," ती म्हणाली. मग तिने पुण्याच्या डॉ. याज्ञिक आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. उंची-वजनाचं गणित दोघांचं अगदी सारखं, २२.३. अंगातली चरबी मात्र लंडनची ९.१ टक्के आणि पुण्याची २१.२. खरं सांगतो, आधी अभिमानच वाटला. दुपटीपेक्षा जास्त!

"घेता का?"

"बसतो कधीतरी." आपल्यात दारू पीत नाहीत, बसतात. पोटासाठी याहून नेमकं क्रियापद सापडणार नाही.

साठ मिलीच्या पेगमध्ये साधारण १४० कॅलरी, पाणी घालून प्यालं तरी. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला सात, साखरेच्या ग्रॅमला चार, तुपाच्या नऊ; म्हणजे आपण चमच्याने तूप खायला घाबरतो आणि तुपाच्या धाकट्या भावाला ग्लासात ओततो. त्यात यकृत दारूला जावयासारखं वागवतं. ती आली की आधी तिची सरबराई. तोवर खारे शेंगदाणे, मसाला पापड, चिकन लॉलीपॉप या बाकीच्या पाहुण्यांची रवानगी मागच्या खोलीत, म्हणजे पोटावर.

आणि ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यात अ‍ॅरोमटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन करतं. शिवाय रोजची भरपूर दारू टेस्टोस्टेरॉन तयार होतं तिथेच खोडा घालते. टेस्टोस्टेरॉन घटलं की पोट आणखी सुटतं, पोट सुटलं की ते आणखी घटतं. मी बनियनखाली इतकी वर्षं विनापरवाना कारखाना चालवत होतो.

आमच्या बैठकीतल्या एकाने 'त्यात बायकांचे हार्मोन असतात' म्हणून सोयाबीन सोडलं आहे. नेहमीच्या प्रमाणात सोयाबीन खाऊन पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. उलट बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्स नावाच्या फुलांमध्ये, अगदी थोडा का होईना, इस्ट्रोजेनसारखा घटक असतो. हे त्याला सांगायला फोन केला, तर तो बिअर उघडत होता.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त आठच्या आत द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेला वेळेवर गेलो. रिपोर्ट आला: मर्यादेत, पण अगदी खालच्या काठाला. दहावीच्या गणितात मला पस्तीस पडले होते तेव्हा वडिलांनी ज्या नजरेने पाहिलं होतं, त्याच नजरेने बायकोने तो कागद फ्रिजला चिकटवला. शनिवारची बैठक रद्द झाली. फरसाणाचा डबा माळ्यावर गेला.

महिन्याभराने ट्रायलला गेलो. पोट अर्धा इंच आत गेलं होतं. म्हटलं, "मास्तर, मी कमी करतोय हं. थोडी फिटच करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं, आणि कानावरचा खडू काढला.

"करा की साहेब. पण आत दोन इंच माया ठेवतो."