रामटेकहून दिसला नाही, म्हणजे तो नाहीच?

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर मॅजेलनच्या मोठ्या मेघाचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेजवळच्या एका छोट्या दीर्घिकेचा (ताऱ्यांच्या समूहाचा) रंगीत फोटो, खाली मजकूर: "हे सगळं कंप्युटरवर बनवलंय. फोटो तुकडे जोडून केलाय, कॅमेरा मुळात ब्लॅक अँड व्हाइट आहे, आणि आम्ही अमावस्येला रामटेकच्या गडावरून पाहिलं तर काहीच दिसलं नाही." गंमत म्हणजे तिन्ही पुरावे खरे असू शकतात. निष्कर्ष तेवढा चुकला.

तुकडे जोडलेत, हो. आकाशगंगेची ही उपदीर्घिका सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षं दूर असूनही आकाशात दहाएक अंश पसरलीय. पौर्णिमेचे वीस चंद्र ओळीने मावतील. चिलीतली ४.१ मीटरची व्हिस्टा दुर्बीण खास रुंद क्षेत्रासाठी बांधलेली, तरी तिच्या अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्याच्या नजरेत एका वेळी दीड अंशाच्या आसपासच आकाश यायचं. शिवाय त्या कॅमेऱ्यात १६ सेन्सर होते आणि मध्ये मोकळ्या फटी. त्या भरायला दुर्बीण सरकवत सहादा टिपावं लागायचं. जोडणार नाहीत तर काय करतील?

रंगांचा आक्षेप जरा दमदार आहे. सेन्सर फक्त किती प्रकाश पडला ते मोजतो, तुमच्या मोबाइलचासुद्धा. मोबाइलच्या पिक्सेलांवर लाल, हिरवे, निळे फिल्टर आधीच बसवलेले असतात. दुर्बिणीत ते एकामागून एक लावतात. नव्या ताऱ्यांनी तापवलेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला, म्हणजे लालच चमकतो. याच मेघातल्या टॅरंटुला तेजोमेघात (वायू-धुळीच्या ढगात) तो भरपूर आहे. धुळीतून पार येणारा अवरक्त प्रकाश मात्र डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे तिथले रंग ठरवून दिलेले असतात. पण क्रम पाळून: लांब तरंगलांबी लाल, आखूड निळी. रंगपंचमी नाही ती.

आणि रामटेक. काहून दिसेल बाप्पा? मेघाचा मध्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) ७० अंश दक्षिणेला, आपण २१ अंश उत्तरेला. तो क्षितिजाच्या वर येतच नाही. उत्तरेकडची कड डिसेंबर-जानेवारीत जेमतेम तीन-चार अंश वर सरकते, ती धूळ-धुक्यात जाते. कन्याकुमारीहून हाच मध्य १२ अंश वर येतो.

जपानमधल्या कामिओकाहून तर हा मेघ कधीच उगवत नाही. तरीही फेब्रुवारी १९८७ मध्ये या मेघात तारा फुटला, तेव्हा तिथल्या खाणीतल्या उपकरणाने त्याचे डझनभर न्यूट्रिनो (पदार्थातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण) पकडले. ते पायाखालून, अख्खी पृथ्वी भेदून आले होते.