उसण भरण्याआधीचे अकरा महिने

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या घरी मंगळवेढ्याच्या ज्वारीचे पोते येते आणि त्याच आठवड्यात माझ्या कमरेत उसण भरते. सलग चार वर्षे हेच घडल्यावर घरात सर्वानुमते पोत्याला दोषी ठरवण्यात आले. दर वेळचा उपचारही ठरलेला होता: एक इंजेक्शन, कमरेला पट्टा, तीन दिवस पलंग, मग शेक आणि दहाव्या दिवशी पुन्हा स्कूटर. दुखणे गेले की त्याचा विचारही जात असे. (मी राहतो सोलापुरात, कंबर तलावाच्या बाजूला, त्यामुळे मित्रांना थट्टेसाठी वेगळे काही शोधावे लागले नाही.)

गेल्या वर्षी ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांनी पहिली वीस मिनिटे माझ्या पाठीला हातच लावला नाही. मी शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहतो, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत असतो, हे सगळे त्यांनी नीट विचारून घेतले. मग म्हणाल्या, "उरलेल्या अकरा महिन्यांत तुम्ही जड असं काय उचलता?" मी प्रामाणिकपणे सांगितले, "डब्याची पिशवी." त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यात पोत्याची काय चूक?"

वारंवार उलटणाऱ्या दुखण्याबद्दल माझे जे मत बनले आहे, ते या एका प्रश्नातून. दुखणे ज्या दिवशी येते, त्या दिवशी ते तयार झालेले नसते. स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणारे स्नायुबंध आपण त्यांच्यावर नेमाने जेवढा भार टाकतो, तेवढ्यापुरतेच समर्थ राहतात. भार काढून घेतला की ते सामर्थ्यही हळूहळू कमी होते. प्रत्येक उसणीनंतर मी घेत असलेली विश्रांती आणि नंतर वर्षभर "जपून" वागणे यामुळे पुढच्या पोत्यासाठी पाठ आणखी कमकुवत होत होती. शिवाय पुन्हा पुन्हा दुखलेल्या जागी मज्जासंस्था अधिक सावध होते आणि इजा होण्याच्या बरीच आधी, थोड्याशा ताणावरही, वेदनेची सूचना देऊ लागते. त्या सूचनेला घाबरून आपण कंबर आवळून धरतो आणि ती आवळल्यानेच दुखते.

या भीतीला आपल्याकडे एक शब्द खतपाणी घालतो, तो म्हणजे "गॅप". मणक्यात गॅप आहे, असे सांगितलेला माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण तेव्हापासून वाकायला भितो. २०१५ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी' या नियतकालिकात ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांची एमआरआय किंवा सीटी स्कॅनने केलेली तपासणी होती. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या दोन मणक्यांमधली गादीसारखी चकती फुगलेली दिसली, आणि त्यांचे काहीही दुखत नव्हते. एमआरआय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. पण चाळिशीतल्या माणसाच्या हाती तो अहवाल देताना एवढे सांगायला हवे की केसांप्रमाणे मणकेही पिकतात.

माझी तक्रार थोडी फिजिओथेरपीच्या नावाने चालणाऱ्या प्रकाराबद्दलही आहे. पूर्वी एका ठिकाणी मला दहा दिवस पालथे झोपवून यंत्राच्या चकत्या चिकटवल्या गेल्या आणि निरोप देताना व्यायामाच्या चित्रांचा एक धूसर कागद दिला गेला. बरे वाटले, हे खरे. पण ते किती दिवस टिकणार, हे कोणी सांगितले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत आखीव व्यायामाची आणि रुग्णाला दुखणे समजावून सांगण्याची शिफारस आहे. उलट कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणे), अल्ट्रासाऊंडचा शेक आणि टेन्स (चकत्या चिकटवून सौम्य विजेचे झटके देणारे) यंत्र हे नित्याचे उपचार म्हणून वापरू नयेत, असे म्हटले आहे. आपण नेमके ज्यासाठी पैसे मोजतो, तेच या दुसऱ्या यादीत आहे.

मला सुरुवातीला दिलेले काम हास्यास्पद वाटावे इतके साधे होते. झाडूची काठी पाठीमागे उभी धरायची, ती डोके, पाठ आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली ठेवायची आणि खुब्यातून वाकायचे. पहिल्या दिवशी काठी दर वेळी माकडहाडापासून सुटत होती, म्हणजे मी इतकी वर्षे फक्त कमरेतूनच वाकत होतो. पंधरा दिवसांनी हातात पाच लिटर पाण्याची बादली आली, मग दहाची, मग पंधराची. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आमच्या शहरात भरलेल्या बादल्यांना तोटा नाही. व्यायाम करताना दुखणे दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमले पाहिजे, एवढाच नियम होता. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलणारे मानकरी यात्रेच्या किती आधीपासून सराव करतात, हे आपण सोलापूरकर लहानपणापासून पाहतो. पोते मात्र मी थेट यात्रेच्या दिवशीच उचलत होतो.

आईचा प्रश्न अधिक अवघड होता. ती चाळीस वर्षे मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन विड्या वळते आहे. मान खाली आणि उजवा खांदा कात्रीकडे झुकलेला. "खाली बसू नका," असे एकाने सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग विड्या काय उभ्यानं वळू?" सल्ला देणाऱ्याला मजुरीचा हिशेब ठाऊक नसला की असेच होते. मॅडमनी तिला विचारले, "मावशी, किती विड्या झाल्या की खांदा बोलायला लागतो?" "दोनशे-अडीचशे," आई म्हणाली. तेव्हा ठरले की पंचवीस विड्यांचे सहा कट्टे झाले, की उठायचे, भिंतीला हात टेकून खांदे फिरवायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि पुन्हा बसायचे; बसताना बुडाखाली चादरीची घडी ठेवायची.

एक गोष्ट मात्र व्यायामावर सोपवू नये. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

यंदाचे पोते मी आणि मुलाने दोन बाजूंनी धरून रिक्षातून उतरवले. दुसऱ्या दिवशी कंबर जरा धरली होती. संध्याकाळी तलावाला फेरी मारली, काठी घेऊन वाकलो आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. आईचा खांदा पूर्वीपेक्षा बरा आहे, पण माल द्यायच्या दिवशी ती सहा कट्ट्यांवर उठत नाही, आणि त्या रात्री तो दुखतोच.