कोयता म्हणजे दोन माणसे

रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी आम्ही तिघे नेमाने बसतो: निवृत्त मास्तर, पंचवीस वर्षे दिवाणी दावे चालवणारे वकीलसाहेब आणि कामगार न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला मी. मास्तरांची पुतणी वकीलसाहेबांकडे ज्युनिअर आहे. ती काकांना घरी न्यायला येते आणि बहुधा चर्चेत अडकते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून वकिलीचा विषय वरचेवर निघतो. परवा तो वकीलसाहेबांनीच काढला. त्यांचे म्हणणे असे की, वकिलीतही आता सर्व समाजघटकांना आणि स्त्रियांना स्थान हवे, अशी मागणी होते आहे. परंतु जमीन गहाण ठेवून फी भरणाऱ्या पक्षकाराला दावा जिंकायचा असतो, वकिलाच्या जातीशी आणि गावाशी त्याला काही कर्तव्य नसते.

मास्तर म्हणाले, "पक्षकाराला नसेल, पण काम कोणाकडे जाणार हे पक्षकार एकटा कुठे ठरवतो?" त्यांनी बाबासाहेबांचा दाखला दिला. डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले आणि १९२३ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. तिथली मोठी कामे सॉलिसिटरच्या, म्हणजे पक्षकार आणि बॅरिस्टर यांच्यामधल्या कायदेतज्ज्ञाच्या, हातून येत असत आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देण्यास सॉलिसिटर तयार नव्हते, त्यामुळे जगभर मान्य झालेली विद्वत्ता जवळ असूनही त्यांना जिल्ह्याच्या न्यायालयांतील कामांवर अवलंबून राहावे लागले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ सालीच ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली होती. स्त्रियांना वकिलीची मनाई नाही, असे सांगणारा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडावे लागले. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याआधीच अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, त्या याच जाणिवेतून, असे मास्तरांनी ठासून सांगितले.

"तो काळ गेला," वकीलसाहेब म्हणाले, "आज कोणता नियम कोणाला अडवतो?"

पुतणी म्हणाली, "सर, नियम अडवत नाही, खर्च अडवतो." सनदेसाठी नोंदणी शुल्क कायद्याने ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये ठरलेले असताना, निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली १५,००० पासून ४२,००० रुपयांपर्यंत वसूल करत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा वसुली बेकायदा ठरवली. तरीही सनद हाती आल्यावर पुढची दोन-तीन वर्षे बिनपगारी काढायची असतात. ज्याच्या वडिलांचे ऑफिस आहे किंवा घरी बागायत आहे तो ती काढू शकतो. ज्याच्या घरी महिन्याच्या एक तारखेची वाट पाहिली जाते, तो मुलगा किंवा मुलगी सहा महिन्यांत बँकेची परीक्षा देऊन मोकळी होते, आणि मग ‘त्या समाजातून चांगले वकील येतच नाहीत’ असे आपण म्हणतो. हे सांगताना तिचा आवाज चढला होता. तिच्याबरोबर शिकलेल्या दोन मैत्रिणी अशाच वकिली सोडून गेल्या आहेत, हे मला ठाऊक होते.

मग मी माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगितली. ऊसतोडणीला आलेली एक बाई ट्रॉलीत ऊस भरताना पडली आणि पायाने कायमची अधू झाली. नुकसानभरपाईच्या अर्जात समोरच्या वकिलांचा मुद्दा असा होता की ही बाई कामगारच नाही. मजुरांना हंगामाआधी ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देऊन तोडणीला आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत फक्त नवऱ्याचे नाव आहे, नवऱ्याने कर्ज घेतले आणि ही त्याच्यासोबत आली, एवढेच. उलटतपासात तिला विचारले गेले, "तुमच्या नावावर किती उचल होती?" ती म्हणाली, "माझ्या नावावर कशी असंल? कोयत्यावर असती." मी माझ्या हाताने लिहिले: ‘रक्कम कोयत्यावर घेतली.’ वाचणाऱ्याला वाटावे की अवजार गहाण ठेवून कर्ज काढले. बाईच्या वकिलांच्याही ते लक्षात आले नाही. तेवढ्यात मागे बसलेला त्यांचा ज्युनिअर उठला आणि त्यांच्या कानाशी लागला. तो मुलगा बीडकडचा होता आणि त्याचे आईवडील दर हंगामाला तोडणीला जात. फेरतपासात वकिलांनी एवढेच विचारले की कोयता म्हणजे किती माणसे. "दोन. नवरा आन् बायको." आणि एकटाच आला तर? "त्यो अर्धा कोयता. उचल बी अर्धी." वहीत पूर्ण कोयत्याची उचल मांडलेली होती, त्यामुळे नवऱ्याच्या नावाची ती नोंदच बायकोच्या मजुरीचा पुरावा ठरली. अर्ज मंजूर झाला. त्या नोंदीतला माझा शब्द चुकीचा नव्हता, पण अर्थ पार हरवला होता, याची बोच मला अजून आहे.

वकीलसाहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जो आक्षेप घेतला तो मला आजही वजनदार वाटतो. ते म्हणाले, "म्हणजे उद्या प्रत्येक पक्षकाराने आपल्याच जातीचा वकील शोधायचा का? परक्याचे दुःख समजून घेऊन मांडणे हेच तर आमचे काम आहे." हे खरेच आहे, आणि वकिलांची जातवार विभागणी झाली तर न्यायालयाचे गावकीत रूपांतर होईल. पण पुतणीने नेमके उत्तर दिले: त्या ज्युनिअरने केस चालवली नव्हती, चालवली ती सिनिअरनेच, मात्र तो मुलगा त्या ऑफिसात नसता तर सिनिअरला विचारायला कोणी उरले नसते. एकाच प्रकारच्या घरांतून आलेली दहा हुशार माणसे एकत्र बसली तर त्या दहाही जणांना कोयता म्हणजे अवजारच वाटेल. माझ्या मते सगळ्या चर्चेतला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच होता.

न्यायाधीशांविषयी बोलणे थोडक्यात आटोपले. सर्वोच्च न्यायालयाला १९५० पासून पहिली स्त्री न्यायाधीश मिळायला १९८९ साल लागले, आणि अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले तेव्हा त्या पदावर आलेले ते केवळ दुसरे दलित होते, याबद्दल दुमत नव्हतेच. मास्तरांनी इतकेच म्हटले की न्यायाधीश बहुतांशी वकिलांतून निवडले जातात, तेव्हा बारमध्ये जे नाहीत ते बेंचवर कुठून येणार.

उठता उठता पुतणीने ऑक्टोबर २०२४ च्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या परिपत्रकाचा विषय काढला, ज्यात शहरी भागातील ज्युनिअरला दरमहा किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड द्यावे, अशी शिफारस आहे. वकीलसाहेबांनी तेवढे परवडणार नाही असे स्पष्ट सांगितले, आणि ते खोटे नाही, कारण त्यांच्याकडचे निम्मे पक्षकार फी हप्त्याने देतात. पुतणीने विचारले, "मग किती परवडेल, सर?" त्यांनी सोमवारी हिशेबाची वही घेऊन ऑफिसात बसू असे सांगितले, आणि येताना दुसऱ्या ज्युनिअरलाही बरोबर आणायला बजावले.