नाडी मोजणं हा उपचार नाही

मला लाँग क्यूटी सिंड्रोम हा हृदयाचा आजार आहे आणि ओसीडीही आहे, म्हणजे डोक्यात घुसणारे भीतीचे विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हापुन्हा करणं. पहिला वडिलांकडून आलेला, दुसरा कॉलेजात असताना सुरू झाला. दोन्ही एकाच घरात नांदतात तेव्हा काय होतं, ते सांगायचंय.

लाँग क्यूटीत हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या सगळं ठीक असतं. घोळ विजेचा असतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो (ईसीजीवर तो लांबलेल्या 'क्यूटी'त दिसतो), त्यात लय बिघडली तर माणूस शुद्ध हरपून पडतो, कधी जीवही जातो. माझ्या प्रकारात, म्हणजे टाइप 2 मध्ये, अचानक झालेला मोठा आवाज धोक्याचा. माझी आत्या पहाटेच्या गजराने अशीच पडायची. घरात त्याला फिट म्हणायचे. फिटच्या गोळ्या झाल्या, अंगारे-धुपारे झाले, ईसीजी कुणी काढलाच नाही. तिशीच्या आत गेली ती.

अशा घरातल्या मुलीला ओसीडी झाला की ती नाडी मोजते. अंगठ्याखाली दोन बोटं, पूर्ण मिनिट. आकडा विषम आला की पुन्हा पहिल्यापासून. जिना चढायच्या आधी, चढल्यावर, आंघोळीला जाताना. रात्री झोपलेल्या नवऱ्याचं मनगट धरून त्याचे ठोके मोजायचे, मग माझे, मग दोन्हीतला फरक. सकाळी मनगटावर बोटांचे वळ.

सारखे हात धुणाऱ्याला लोक निदान टोकतात तरी. सारखी नाडी बघणाऱ्या हृदयरुग्णाला मात्र 'किती काळजी घेते' असं म्हणतात. माझा राग यावर आहे. नाडीच्या आकड्यावरून क्यूटी कळत नाही. ते मोजणं पूर्णपणे ओसीडीचं, हृदयाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मला सोडवलं ते एका कागदाने. हृदयाच्या डॉक्टरांकडून मी लिहून घेतलं: प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची गोळी रोज, न चुकता. अॅझिथ्रोमायसिन, डोमपेरिडोन, फ्लुकोनाझोल टाळायचं आणि कुठलंही नवं औषध विचारूनच. जुलाब-उलट्या झाल्या तर पोटॅशियम तपासायचं. शुद्ध गेली तर थेट हॉस्पिटल. या कागदावर जे नाही ते ओसीडीचं, असं माझ्या थेरपिस्टने आणि मी ठरवलं आणि ईआरपी ही ओसीडीची थेरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) त्यावरच उभी केली. म्हणजे मोजायची ऊर्मी येते, ती येऊ द्यायची, बोटं मनगटावर न्यायची नाहीत. स्मार्टवॉच काढून टाकलं. पहिले काही आठवडे भयंकर होते, खोटं कशाला सांगू.

गोळ्यांचंही तसंच. ओसीडीला चालणाऱ्या गोळ्यांतली एसिटालोप्राम क्यूटी वाढवू शकते, क्लोमिप्रामिनही. माझे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, मग सर्ट्रालिन ठरलं, आणि डोस वाढवला की ईसीजी. हा एक फोन प्रत्येक पेशंटचा हक्क असायला हवा. आपल्याकडे तो पेशंटलाच मागे लागून करवून घ्यावा लागतो.

सगळ्यात अवघड गेलं ते आईला. 'मला काही होणार नाही ना?' असं मी विचारलं की उत्तर द्यायचं नाही, असं थेरपिस्टने तिला सांगितलं होतं. कारण प्रत्येक 'नाही गं बाळा' मुळे पुढचा प्रश्न लवकर येतो. ती ओट्याशी पाठ करून पोळ्या लाटत राहायची, लाटणं जोरात फिरायचं, पण बोलायची नाही. एवढं प्रेम करणं सोपं नाही.

आणि काकू, हे तुमच्यासाठी. लेकीचं लग्न ठरेपर्यंत ईसीजीचं नाव काढू नकोस, असं तुम्ही म्हणालात. स्थळं परत जातील ही भीती मला कळते. पण टाइप 2 मध्ये बाळंतपणानंतरचे महिने बाईला जास्त जोखमीचे असतात, आणि दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून तो मुलात यायची शक्यता 50 टक्के. काकांचाही ईसीजी काढा. ईसीजी काही शे रुपयांत होतो. डॉक्टरांना 'घरात लाँग क्यूटी आहे' हे आवर्जून सांगा, म्हणजे ते क्यूटी स्वतः मोजून बघतील. पहिला नॉर्मल आला तरी जनुक चाचणीचं विचारा. दोष केसीएनएच2 या जनुकात आहे, माझ्या रिपोर्टवर नेमका लिहिलाय. रिपोर्ट आजच पाठवते.